चांद्या-मोऱ्याचा दोर

१

“आत्या, दोर गेला.”

हर्षदीप दारातच उभा होता. एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट. ताराबाईंनी आधी त्याचे पाय पाहिले, मग तोंड पाहिलं आणि चहाचं पातेलं खाली उतरवून ठेवलं.

“कोणता दोर? विहिरीचा?”

“विहिरीचा गेला असता तर मी झोपून राह्यलो असतो. रोपवेचा.”

आता हे प्रकरण नीट समजून घ्या, नाहीतर पुढे माझ्या नावानं खडे फोडाल. हिवरी गाव खाली, धबधब्याच्या पायथ्याशी. तिथे सरकारनं बगीचा केला, नावा आणल्या. टेंभी गाव वर, पठारावर. तिथे पाहुण्यांसाठी नव्या खोल्या बांधल्या. दोन्हींच्या मध्ये दरी आणि दरीला वळसा घालून जाणारा घाट, ज्यात निम्मे पाहुणे ओकत आणि निम्मे देवाचं नाव घेत वर पोचायचे. म्हणून ही दोन ठिकाणं रोपवेनं जोडायचं ठरलं. दोन्ही काठांवर लोखंडी मनोरे उभे राहिले. पोरांनी त्यांची नावंही ठेवली: हिवरीचा चांद्या आणि टेंभीचा मोऱ्या. दोन काठांवर उभी असलेली एक बैलजोडी म्हणा ना.

खरा पोलादी दोर मनगटाएवढा जाड. तो काही कोणी दरीपार फेकू शकत नाही. म्हणून आधी ड्रोननं एक पातळ, नारिंगी, नायलॉनचा दोर पलीकडे नेतात. मग त्याच्या शेपटाला त्याहून जाड दोर, त्याच्या शेपटाला आणखी जाड, असं करत करत शेवटी पोलाद ओढायचं. तो नारिंगी दोर चांद्यापासून मोऱ्यापर्यंत ताणून बांधलेला होता आणि आज दुपारी पोलादी दोराचा ट्रक नागपूरच्या रस्त्यानं येऊन पोचणार होता. ट्रकच्या पुढे गाडीत पद्मजा मॅडम, कंपनीच्या मोठ्या अधिकारी.

“त्यांनी बजावलं होतं,” हर्षदीप म्हणाला, “दोर ताणलेला असला की माणूस हटवायचा नाही. आन मी पोळ्यासाठी सगळ्यांना सुट्टी दिली. पहारेकऱ्यालाबी. आता ते मला काढतील, नाहीतर कुठेतरी दूर गोदामात बसवतील.”

ताराबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. भाऊ-भावजय गेल्यावर हे पोरगं त्यांनी वाढवलं होतं. शिकायला म्हणून गेलं ते वर्षानुवर्षं परमुलखातच राहिलं. कुठल्या तरी पुण्याईनं घराजवळ, डोळ्यांसमोर, रोपवेवर इंजिनिअरचं काम लागलं होतं, आणि ते एका दोरावर लोंबकळत होतं.

“बूट नीट घाल,” त्या म्हणाल्या. “जागा दाखव मला. ट्रक यायच्या आत शोधू.”

हिवरीच्या शाळेत जन्मभर मुख्याध्यापकीण होत्या त्या. वर्गात कोणी काही चोरलं तर ताराबाईंनी झडती कधी घेतली नाही. नुसत्या गप्पा मारायच्या.

२

चांद्याच्या पायाशी हिवरीचे निम्मे लोक जमलेले. चोरीपेक्षा चोर कोण यावर चर्चा जोरात होती.

“टेंभीवाल्यांचं काम,” एक जण म्हणाला. “त्यायले पाहवत नाई आपलं चांगलं.”

“राजकुमार म्हनत होता ना, हा झुला आला का माही जीप भंगारात,” दुसऱ्यानं हळूच पिल्लू सोडलं.

ताराबाई वाकून मनोरा पाहत होत्या. नारिंगी दोर वरच्या चाकावरून खाली यायचा आणि त्याचं टोक मनोऱ्याच्या पायाजवळच्या लोखंडी कडीला बांधलेलं असायचं. कडी रिकामी होती. दोर कापला असता तर गाठ तिथेच राहिली असती. म्हणजे कोणीतरी सावकाश बसून गाठ सोडली होती.

“हे काय रे?” त्यांनी विचारलं. मनोऱ्याच्या खांबावर, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, काहीतरी पिवळं चोपडलेलं होतं. त्यावर मुंग्यांची रांग लागली होती.

“यंत्राचं ग्रीस असेल, आत्या.”

“मुंग्या कधीपासून ग्रीस खायला लागल्या?”

त्यांनी बोटानं थोडं घेतलं, वास घेतला आणि पदराला पुसलं. मग चार पावलांवर सागाचं झाड तोडून राहिलेला खुंट होता, त्याच्यापाशी गेल्या. खुंटाची साल गोल खरवडली होती. खाचेत नारिंगी धागा अडकलेला.

“हर्षदीप, दोर ह्या खुंटाला कधी बांधला होता का?”

“नाई हो. कडी असताना खुंट कशाला?”

“हं,” ताराबाई म्हणाल्या. जुने विद्यार्थी हा ‘हं’ ओळखून होते. ‘हं’ आला की कोणाची तरी धडगत नसे.

“टेंभीला जायचंय,” त्यांनी गर्दीकडे वळून सांगितलं. “राजकुमार कुठे आहे? त्याचीच जीप काढायला सांगा.”

गर्दीतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. ज्याच्यावर संशय, त्याच्याच गाडीत बसून बाई तपासाला निघाल्या होत्या.

३

राजकुमार हिवरीच्या पाटलांचा मुलगा, जीपनं पाहुण्यांना घाटातून वर नेणारा. धिप्पाड गडी, पण ताराबाईंपुढे अजून कान धरायच्या तयारीत असल्यासारखा उभा राहायचा. जीप सुरू करतानाच म्हणाला, “बाई, लोक काय बोलून राह्यले ते मले मालूम आहे. मी त्या दोराले हातबी लावला नाई.”

“मी कुठे काही म्हटलं?”

“माही जीप बसन म्हून मी चोरीन काय? मी अर्ज देला आहे, झुल्याच्या खाली तिकिटं फाडायच्या नोकरीसाठी. डिझेल परवडून नाई राह्यलं.”

ताराबाईंनी मान डोलावली. हर्षदीप मागे बसून घड्याळ पाहत होता. ताराबाई मात्र पोळ्याच्या गप्पा मारायला लागल्या. त्यांच्या घरी पोळा नव्हता, त्या बुद्धाच्या वाटेच्या. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून आलेली पुरणपोळी त्यांनी कधी परत पाठवल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

“पूर्वी हिवरी-टेंभीचा पोळा एकच भरायचा नाही का रे?”

“भरे ना. एकाच तोरनाखाली. मंग तोरनाखालून पहिली जोडी कोनाची जाईन यावरून माह्या बाबाचं आन टेंभीच्या चंपतरावाचं वाजलं. तवापासून दोन पोळे. अन टेंभीवाल्यायले रीत ठाऊक नाई, बाई. खांदेमळनी करतात का नाई देव जाने.”

“तुमचीच काय मोठी रीत,” ताराबाई सहज म्हणाल्या. “तुम्ही तर खांद्याला गोडं तेल लावता.”

ताराबाईंची ही जुनी खोड. खरं काढायचं असेल तर विचारू नये, चुकीचं सांगावं. माणूस उत्तर लपवील, पण दुसऱ्याची चूक दुरुस्त केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

“तेल? कोन म्हनते? लोनी अन हळद. घरचं लोनी.”

“मग चांद्याला तेल का लावलंस?”

“चांद्याले बी लोनीच ला—”

जीप घाटाच्या मधोमध थांबली. राजकुमारनं दोन्ही हात चाकावर ठेवले आणि समोर पाहत राहिला.

“चालव,” ताराबाई शांतपणे म्हणाल्या. “आणि सांग.”

“बाई, दोर मी चोरला नाई. आईची आन. मी नुसता सोडला.”

४

घाटाच्या खाली, पुलाजवळ, बयनाबाईचं चहाचं छप्पर होतं. ताराबाईंनी जीप मागे फिरवून तिथे आणायला लावली. घसा कोरडा असताना कबुली नीट निघत नाही, असं त्यांचं मत होतं.

“या बाई, बाजेवर बसा,” बयनाबाईनं गोधडी टाकलेली बाज पुढे ओढली. “नवीनच इनली. पोळ्याची कमाई.”

ताराबाई बसल्या. बाज चांगली ताठ होती. पण त्यांचं सगळं लक्ष राजकुमारकडे.

“पोरं त्या मनोऱ्यायले चांद्या-मोऱ्या म्हनतात,” तो कपात बघत बोलायला लागला. “खांदेमळनीच्या दिवशी मी आपल्या बैलायचे खांदे मळले. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, म्हटलं. मंग दिसला चांद्या. महिन्यापासून बिचारा दोर घेऊन उभा. दुश्मनाचा बैल असला तरी पोळ्याले त्याच्या मानेवर कोनी जू ठेवते काय? मी लोनी-हळद लावली, गाठ सोडली, दोर सैल केला अन खुंटाले वेढे मारले. पोळा झाला का परत बांधून ठेवीन, कोनाले पत्ता लागनार नाई, म्हटलं. काल दिवसभर ढग खाली उतरले होते, दरी दिसून नव्हती राह्यली. आज सकाळी पाह्यलं तर खुंट मोकळा.”

“मग तुला काय वाटतं?”

“वाटाचं काय? टेंभीवाल्यायनं तिकडून ओढला. इकून सैल दिसला, अन त्यायनं डाव साधला. त्यायले पोळ्याचीबी लाज नाई.”

हर्षदीपनं डोकं धरलं. “म्हणजे चंपतराव?”

“दुसरं कोन?”

बयनाबाई भांडी विसळता विसळता म्हणाली, “लोक म्हनतात, जाडजूड लोखंडी दोर नेला. एवढा दोर उचलला कसा असन बाप्पा त्यायनं?” तोवर सगळे जीपकडे निघाले होते. जीप परत घाटाला लागली.

५

चंपतराव आपल्या कपाशीच्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, उभे होते. त्यांच्या शेताच्या कोपऱ्यात मोऱ्या उभारलेला. पांढऱ्या मिशा, खांद्यावर पंचा. राजकुमारला पाहताच त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

“बाई, तुमी एकट्या आल्या असत्या तर चहा ठेवला असता.”

“ठेवा. मी दोघांच्या वाटचा पिईन.”

बोलता बोलता त्या मोऱ्यापाशी गेल्या. छातीच्या उंचीवर पिवळं बोट उठलेलं. मुंग्या इथेही. आणि बाजूला आंब्याचा खुंट, साल गोल खरवडलेली. ताराबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. हर्षदीपला मात्र रडू यायचं बाकी होतं.

“चंपतराव, राजकुमार म्हणतो दोर तुम्ही ओढला.”

“मी? त्या हिवरीवाल्यायनं नेला. त्यायले कायची रीत? पोळ्याच्या दिवशीबी बैल जुंपतीन असे लोक.”

“असू दे. पण तुम्ही तरी दोर खुंटाला नीट कुठे बांधला? नुसता एक वेढा टाकून घरी गेलात.”

“एक वेढा?” चंपतरावांच्या मिशा फुरफुरल्या. “चांगले कचकचून मारले. खांदेमळनीच्या दिवशी माह्या हातानं मोऱ्याच्या खां—”

ते थांबले. राजकुमारनं आता तोंड त्यांच्याकडे वळवलं होतं.

“तुमी बी?” राजकुमार म्हणाला.

“मी बी म्हंजे?”

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, असं ताराबाईंना वाटलं.

त्या धुऱ्यावर टेकल्या, आणि मग वर्गात फळ्याजवळ उभं राहून सांगाव्या तशा सांगायला लागल्या. “चोर असता तर त्यानं एक टोक सोडलं असतं आणि दुसऱ्या टोकावरून दोर ओढून घेतला असता. दोन्ही टोकं सोडायचं त्याला कारण नाही. आणि सोडलेला दोर खुंटाला गुंडाळत तर चोर मुळीच बसत नाही. ज्याला वस्तू जागच्या जागी परत हवी असते, तोच वेढे मारतो. म्हणून मी हिवरीचा खुंट पाहिला तेव्हाच म्हटलं, हा चोर नाही. हा कोणीतरी जीव लावणारा माणूस आहे. पण मग दोर गेला कसा?”

“तेच तर,” हर्षदीप म्हणाला.

“तूच सांग. इंजिनिअर कोण आहे? एका बाजूनं दोर सैल सोडला तर?”

“थोडा झोल येईल. लोंबेल. पण पाण्यापासून उंच राहील.”

“आणि दोन्ही बाजूंनी?”

हर्षदीपनं दरीकडे पाहिलं. खाली धबधब्याचं पाणी फेसाळत ओढ्याला मिळत होतं. “पोट पाण्यात जाईल,” तो हळूहळू म्हणाला. “पाण्याला ओढ आहे. ओढा दोर धरेल आणि दोन्ही खुंटांवरून फरफटत नेईल.”

“झालं तर. ह्यांना वाटलं, मी सैल सोडला तरी पलीकडून पक्का आहे. हिवरीवाले कुठे पोळा पाळतात? आणि ह्याला वाटलं, टेंभीवाले कुठे पाळतात? दोघांनीही एकमेकांना अधर्मी समजून दोर सोडला, आणि दोघंही एकसारखेच धर्माचे निघाले. दोरानं बिचाऱ्यानं काय करायचं?”

चंपतरावांनी पंचा तोंडावर धरला. ते हसत होते की लाजत होते, कळायला मार्ग नव्हता. राजकुमार मात्र खो खो हसत सुटला आणि हसता हसता धुऱ्यावर चंपतरावांच्या शेजारीच बसला.

“लोनी कोनतं लावलं, काका?”

“म्हशीचं,” चंपतराव पंच्यामागून म्हणाले.

“गाईचं पाह्यजे.”

“तू मले शिकवू नको.”

दूर खालून, नागपूरच्या रस्त्यावरून, अवजड ट्रकचा घरघराट ऐकू यायला लागला. हर्षदीपचा चेहरा उतरला. “आत्या, कारण कळलं. दोर कुठे मिळाला? तो तर पाण्यानं वाहून नेला.”

ताराबाई उत्तर द्यायला तोंड उघडतात तोच त्या थबकल्या. “चंपतराव, पोळ्याला बैलांची जुनी दावी, जुने कासरे काय करता तुम्ही?”

“काय करनार? नवीन घालतो. जुने ओढ्यात सोडतो.”

“सगळे सोडतात?”

“सगळेच.”

“आणि ते खाली पुलाच्या खांबांना अडकतात,” ताराबाई उठल्याच. “राजकुमार, गाडी काढ. चंपतराव, तुम्हीही बसा. मी मघाशी त्या दोरावर बसून चहा प्याले.”

६

बयनाबाईनं गोधडी उचलली. खाली बाज नारिंगी लखलखत होती. छपराच्या कोपऱ्यात उरलेल्या दोराचा भोपळ्याएवढा मोठा गुंडा.

“हा?” ती म्हणाली. “हा तर नायलॉनचा. तुमी लोखंडी शोधून राह्यले ना? दर पोळ्याले मी पुलाखालून जुने दोर येचतो. यंदा म्हटलं कोनाच्या बैलाचा एवढा लंबा कासरा, पन चांगला होता, इनून टाकला. कापला नाई हो कुठीच. बाजेले अखंड दोर लागते.”

अखंड, हे ऐकून हर्षदीपनं चक्क तिच्या पाया पडायला घेतलं. ती लाजून मागे सरकली. “उसवा,” म्हणाली, “पन मले दुसरा दोर आनून देसान.”

“मी देतो,” चंपतराव म्हणाले.

“मी देतो,” राजकुमार म्हणाला. “पुलाची हद्द हिवरीची आहे.”

मग ते दोघं बाजेच्या दोन बाजूंना बसले आणि दोर उसवायला लागले. हिवरीचे लोक चालत येऊन पोचले, टेंभीचे जीपच्या मागे मागे उतरले, आणि कोणी गुंडाळतंय, कोणी गुंता सोडवतंय, कोणी नुसताच सल्ला देतंय, असा गलका उडाला. बायकांनी पुरणपोळ्या काढल्या. पुलावर जत्राच भरली म्हणा. त्या गर्दीत पद्मजा मॅडमची गाडी येऊन थांबली.

मॅडम उतरल्या. उंच, चष्मा लावलेल्या, हातात फोन. त्यांनी अर्धवट उसवलेली बाज पाहिली, नारिंगी दोर पाहिला, आणि हर्षदीपकडे पाहिलं.

“ये क्या है?”

ताराबाई हर्षदीपच्या जवळ सरकल्या. इतका वेळ चोर शोधण्याच्या नादात त्या भीती विसरल्या होत्या; ती आता एकदम अंगावर आली. हर्षदीप पुढे झाला. खोटं बोलावं, अशी ताराबाईंच्या मनात एक क्षण नुसती इच्छा डोकावून गेली. पण पोरगं त्यांनीच वाढवलेलं.

“मॅडम, सुट्टी मैंने दी,” तो म्हणाला. “पहारा मैंने हटाया. जिम्मेदारी मेरी है.”

“और रस्सी किसने खोली?”

“मैंने,” चंपतराव पुढे आले. “पहिले मैंने खोली.”

“पहिले मैंने,” राजकुमारनं त्यांना खांद्यानं बाजूला सारलं. “दिन डूबने के पहिले. ये काका बाद में आया.”

“तुह्या बापानं पाह्यलं होतं काय मी कधी गेलो ते? मी दुपारीच सोडला होता. गुन्हा पहिले टेंभीचा.”

“हिवरीचा.”

“टेंभीचा, सांगून ठेवतो.”

दोन्ही गावं आपापल्या माणसाच्या बाजूनं सरसावली. मॅडम गोंधळून ताराबाईंकडे वळल्या. “अम्मा, ये लोग झगड़ क्यों रहे हैं?”

ताराबाईंनी हिंदीतून सगळं सांगितलं. पोळा, खांदेमळणी, मनोऱ्यांना ठेवलेली बैलांची नावं, दोघांनी एकमेकांना न सांगता उतरवलेलं जू. आणि शेवटी म्हणाल्या, “पूर्वी ह्यांचं भांडण मानावरून होतं. आता गुन्ह्याचा पहिला मान कोणाचा, यावरून चाललंय. माझ्या पोराच्या वाटचा गुन्हा काही शिल्लक राहील असं दिसत नाही.”

मॅडमनी चष्मा काढला. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी चांद्याच्या खांबावर अजून पिवळं राहिलं आहे का, असं विचारलं. आहे म्हटल्यावर बघायला गेल्या. मुंग्यांकडे बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या. आपल्या वडिलांकडेही बैल होते, असं कोणाला तरी तेलुगूत म्हणाल्या.

मग परत आल्या. सुपरवायझरला ड्रोन उडवायला सांगितलं. दोर अखंड आहे याची हर्षदीपकडून बोटाबोटानं तपासणी करून घेतली, आणि त्याला बाजूला घेऊन चांगलं झापलं. ताराबाईंना ते सगळं ऐकू येत होतं. पहारा हटवणं ही गंमत नाही, खाली माणसं असती तर काय झालं असतं, हे सगळं खरंच होतं आणि हर्षदीप मान खाली घालून ऐकत होता.

“लिखो,” मॅडम शेवटी म्हणाल्या आणि हिंदीतूनच सांगत गेल्या. “रोपवे चालू झाला की पोळ्याला आणि त्याच्या आदल्या दिवशी बंद. वेळापत्रकात घाल. दोर कोणी सोडायचा नाही, पण ज्याला लोणी लावायचं त्याला लावू दे. पुढच्या वर्षी दोन्ही मनोऱ्यांची व्यवस्था तू इथे असताना नीट झाली पाहिजे. सरे?”

“सरे, मॅडम,” हर्षदीप म्हणाला. ‘ठीक आहे’ म्हणण्यापुरती तेलुगू त्याला येत होती.

पुढच्या वर्षी. तू इथे असताना. ताराबाईंनी ते शब्द मनात दोनदा म्हणून पाहिले, आणि मग इतक्या लोकांसमोर त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही. बयनाबाईनं न विचारता त्यांच्या हातात पुरणपोळी ठेवली.

ड्रोन घरघरत वर गेला. त्याच्या मागून नारिंगी दोर दरीवरून पलीकडे जायला लागला, आणि दोन्ही गावांच्या माणसांनी माना वर करून तो पलीकडे पोचेपर्यंत श्वास रोखून धरला.